निवडीचे स्वातंत्र्य आणि तालुक्याचे महाविद्यालय : प्रथम वर्षाच्या विषयनोंदणीची चिकित्सा (रेणापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे पदवी स्तरावरील श्रेयांकांची चौकट निश्चित केली, १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने तीत दुरुस्त्या केल्या आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यातील संलग्नित महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाला ती लागू झाली. या साऱ्या दस्तऐवजांचा कणा एकाच संकल्पनेचा आहे. ती संकल्पना म्हणजे निवड. विद्यार्थी मुख्य विषय निवडील, त्याच्या जोडीला गौण विषय निवडील, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय निवडील, कौशल्याचा अभ्यासक्रम निवडील आणि एका वर्षानंतर बाहेर पडावयाचे की पुढे जावयाचे हेही तोच निवडील, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत लेखात या एका संकल्पनेची चिकित्सा करावयाची आहे. धोरणाचा गौरव वा धिक्कार हे दोन्ही आजवर पुरेसे झाले आहेत. निवड प्रत्यक्षात कोण करतो, केव्हा करतो आणि कशातून करतो, हा साधा प्रश्न मात्र तालुक्याच्या गावी उभे राहून क्वचितच विचारला गेला.

रेणापूर हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. १९९९ मध्ये लातूर जिल्ह्यात जे नवे तालुके निर्माण झाले, त्यांपैकी हा एक. रेणुकादेवीचे मंदिर, रेणा नदी आणि निवाड्याजवळील दिलीपनगरचा सहकारी साखर कारखाना या त्याच्या ओळखीच्या खुणा. लातूर शहर येथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. हे अंतर विचित्र आहे. रोज जाऊन येण्याइतके ते जवळ आहे आणि रोज जाऊन येणे ज्याला परवडत नाही, त्याला पुरेसे लांब आहे.

पूर्वपीठिका :

मराठवाड्यात ‘काय शिकावयाचे’ या प्रश्नाच्या आधी ‘कोठे’ आणि ‘कोणत्या भाषेतून’ हे प्रश्न उभे होते. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो महत्त्वाचा प्रयोग होता, हे मान्य करावेच लागेल. मात्र ज्याची मातृभाषा मराठी होती, त्याच्या भाषेला त्या प्रयोगात माध्यम म्हणून स्थान नव्हते. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात ज्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, त्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. शिक्षण चालू ठेवण्यासाठी संस्थानाची सीमा ओलांडावी लागली होती, ही गोष्ट या विभागाच्या शैक्षणिक स्मृतीत खोलवर आहे.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले व पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६१ मध्ये लातूरचे दयानंद महाविद्यालय, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, असा हा क्रम आहे. यानंतर महाविद्यालय तालुक्यापर्यंत आले. घरून डबा घेऊन जाता येईल इतके ते जवळ आले, म्हणूनच ज्या मुलींना लातूरला पाठविण्यास घर कधीच तयार झाले नसते, त्या मुली पदवीधर झाल्या. या यशाची नोंद पुरेशी घेतली जात नाही. परंतु महाविद्यालय जवळ आले, त्या वेगाने विषय जवळ आले नाहीत. तालुक्याच्या महाविद्यालयात साधारणतः भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र एवढी शिदोरी असते. भूगोल, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांच्यासाठी बहुधा लातूरचीच वाट धरावी लागते.

याला ‘लातूर पॅटर्न’ची एक बाजू जोडून पाहिली पाहिजे. गुणवत्तेचा हा लौकिक ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून आकारास आला, त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याचे नाव नेण्याचे श्रेय या प्रयोगाला आहे. त्याचा दुसरा परिणाम असा की, अकरावीच्या उंबरठ्यावरच गुण आणि पैसा असलेला विद्यार्थी तालुक्यातून लातूरला जातो. बारावीनंतर तालुक्याच्या महाविद्यालयात जो येतो, तो उरलेला म्हणून मोजला जातो. त्यात शेतीला हातभार लावणारा मुलगा असतो, घरच्यांनी लातूरला पाठविण्यास नकार दिलेली मुलगी असते आणि नीट परीक्षेचा दुसरा प्रयत्न करीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घालून ठेवणारा विद्यार्थीही असतो. या तिघांच्या ‘निवडी’ एकसारख्या नाहीत, पण प्रवेश अर्जाचा नमुना तिघांनाही एकच असतो.

चौकटीची अंतर्गत विसंगती :

पूर्वीच्या पद्धतीत प्रथम वर्ष कला शाखेचा विद्यार्थी अनिवार्य इंग्रजी, द्वितीय भाषा व काही ऐच्छिक विषय घेत असे. निवड थोडी होती, पण काय उपलब्ध आहे हे गावभर ठाऊक असे. थोरल्या भावाने जे विषय घेतले, ते धाकट्याला मिळत. नव्या चौकटीत वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक आहेत आणि ते मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषिक क्षमता, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण व सहअभ्यासक्रम अशा अनेक कप्प्यांत विभागले जातात. कप्पे वाढले की निवड वाढते, असा चौकटीचा समज दिसतो. ती प्रत्येक कप्प्यात एकाहून अधिक पर्याय असतील तरच वाढते. कप्पे नऊ आणि प्रत्येकात पर्याय एक असेल, तर ती पूर्वीपेक्षा अधिक गुंतागुंतीची सक्ती होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खुल्या ऐच्छिक विषयाचे आहे. हा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच असला पाहिजे, असे शासन निर्णय सांगतो. हेतू उत्तम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडे विज्ञान कळावे, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला थोडे समाजशास्त्र कळावे, याला कोण विरोध करील? परंतु ज्या महाविद्यालयात कला ही एकच विद्याशाखा आहे, तेथे विद्याशाखेबाहेर म्हणजे कोठे? मग अर्थशास्त्राचा अध्यापक वाणिज्य शाखेच्या नावाने बँकिंगची तोंडओळख शिकवितो आणि त्या वर्गात इतिहासाचे, मराठीचे, राज्यशास्त्राचे सगळे विद्यार्थी एकत्र बसतात. ज्या महाविद्यालयात कला आणि विज्ञान अशा दोन शाखा आहेत, तेथेही स्थिती फार निराळी नसते. दोन्ही शाखांना एकाच वेळी मोकळा असा एखादाच तास वेळापत्रकात सापडतो, त्या तासाला जो अध्यापक रिकामा असेल त्याचा विषय ‘खुला’ ठरतो आणि पूर्ण तुकडी त्याला ‘निवडते’.

येथे अमेरिकेतील एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते व ऐच्छिक विषयपद्धतीचे ते सर्वांत मोठे पुरस्कर्ते मानले जातात. त्यांच्या कारकिर्दीत ठराविक अभ्यासक्रमाची सक्ती जवळजवळ नाहीशी झाली. पण त्याच काळात हार्वर्डची अध्यापकसंख्या अनेक पटींनी वाढली, हे विसरून चालणार नाही. विषयांची यादी वाढली, कारण शिकविणारे वाढले. एवढे करूनही त्यांचे उत्तराधिकारी लॉवेल यांनी निर्बंधरहित निवडीला आळा घालून एका विषयात सखोलता व इतर विषयांत विस्तार अशी चौकट आणली. मुख्य आणि गौण विषयांची जी भाषा आज रेणापूरच्या प्रवेश अर्जापर्यंत पोहोचली आहे, तिच्यामागे हा दीर्घ अनुभव आहे. भाषा पोहोचली, शिकविणारे मात्र पोहोचले नाहीत.

स्वतः धोरणालाही ही अट ठाऊक आहे. हजारोंच्या विद्यार्थिसंख्येची बहुविद्याशाखीय संस्था हे त्याचे आदर्श रूप आहे आणि २०३० पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात वा त्याच्या जवळ अशी किमान एक मोठी संस्था असावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे संस्था २०३० मध्ये अपेक्षित आहे, पण त्या संस्थेत शोभावी अशी निवडपद्धती २०२४ मध्येच एकेका खोलीच्या विभागांना लागू झाली. धोरणातील क्रम आणि अंमलबजावणीतील क्रम यांची ही उलटापालट मुळातील दोष आहे.

कार्यभार : न बोलला जाणारा घटक

वरील विवेचन शासनाकडे बोट दाखविते. एवढ्यावर थांबणे अध्यापकवर्गाला सोयीचे आहे, परंतु प्रामाणिकपणाचे नाही. विद्यार्थ्याची निवड जेथे सर्वाधिक आक्रसते, ती जागा महाविद्यालयातच आहे. त्या जागेचे नाव कार्यभार.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचे अध्यापन. म्हणजे दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तासांचा होतो. विषयाचे पद टिकवावयाचे तर हे दोन-दोन तास जोडून सोळा करावे लागतात. एका विषयाला एकच अध्यापक असलेल्या विभागात मुख्य विषयाची तुकडी फुटली, तर ती भरपाई इतर कप्प्यांतून करावी लागते. त्यामुळे कोणता कौशल्य अभ्यासक्रम सुरू करावयाचा, हे विद्यार्थ्याच्या गरजेवरून ठरण्याऐवजी कोणाचे तास कमी पडतात यावरून ठरते. प्रवेशाच्या टेबलापाशी बसलेला प्राध्यापक विद्यार्थ्याला ‘हा विषय सोपा आहे, यात गुण पडतात’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलतो असे नाही, पण तो स्वतःच्या वा सहकाऱ्याच्या पदाविषयीही बोलत असतो.

याच भीतीतून मे-जूनमधील विद्यार्थी शोधमोहीम जन्मास आली. वाडी-तांड्यावर, खरोळ्याला, पानगावला, पोहरेगावला मोटारसायकलवरून जाऊन बारावी झालेल्यांची कागदपत्रे गोळा करणारे प्राध्यापक हे मराठवाड्यातील आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. अर्ज प्राध्यापकच भरतात, कित्येकदा विषयही तेच भरतात. विद्यार्थी महाविद्यालयात प्रथम येतो, तेव्हा आपण काय निवडले हे त्याला ओळखपत्र घेताना समजते. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हा प्राध्यापक दारात गेला नसता, तर त्यातील काही मुलींचे शिक्षण बारावीलाच संपले असते. परंतु याला निवड म्हणणेही तितकेच अन्यायाचे आहे.

पदांची स्थिती हे यामागील कारण आहे. २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. २०१८ मध्ये ३५८० आणि २०२१ मध्ये २०८८ सहायक प्राध्यापकपदांना शासनाने मान्यता दिली, पण निवृत्तीने पडणारी पोकळी त्याहून वेगाने वाढत गेली. तासिका तत्त्वावरील अध्यापक ती भरून काढतो. त्याची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते व सत्राबरोबर संपते. विद्यार्थी जूनमध्ये ज्या विषयावर खूण करतो, तो शिकविणारा माणूस तेव्हा नेमलेलाच नसतो. नवा विषय सुरू करावयाचा म्हटले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १०९ नुसार विद्यापीठ व शासनाच्या परवानगीचा मार्ग आहे, आणि मिळणारी परवानगी बहुधा विनाअनुदान तत्त्वावरची असते. मग विषय येतो तो शुल्क घेऊन येतो.

वेळापत्रक, एस.टी. आणि मोबाईल :

विद्यार्थिनीच्या बाबतीत विषयनिवडीचा निर्णय आणखी एक अधिकारी करतो. तो म्हणजे एस.टी.चे वेळापत्रक. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पदवीच्या प्रथम वर्षाला पाऊल ठेवताच तो संपतो आणि सवलतीच्या का होईना, पासाचे पैसे मोजावे लागतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व एस.टी. गाड्यांत निम्मे भाडे झाले, त्याचा काही आधार आहे. पण भाडे निम्मे झाल्याने दुपारची गाडी संध्याकाळी येत नाही. पानगावच्या बाजूने येणाऱ्या विद्यार्थिनीला शेवटच्या तासानंतर गाडी नसेल, तर त्या तासाचा विषय तिच्यासाठी यादीत नसल्यासारखाच आहे. प्रवेश समितीत वेळापत्रक समितीचा सदस्य असतो, आगाराच्या गाड्यांचा तक्ता मात्र कोणी समोर ठेवत नाही.

नोंदणीच्या तांत्रिक अडचणींवर तुलनेने अधिक बोलले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. श्रेयांक अधिकोषात खाते उघडण्यासाठी आधारवरील नाव आणि गुणपत्रकावरील नाव जुळावे लागते. जन्मतारखेचा वा आडनावाचा एका अक्षराचा फरक पडला की सेतू केंद्राच्या फेऱ्या सुरू होतात. संकेतांक ज्या मोबाईलवर येतो, तो वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर असतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सुटणाऱ्या आहेत. सर्व तांत्रिक अडचणी उद्या दूर झाल्या, तरी विद्यार्थ्याला हवा तो विषय मिळेल असे नाही. म्हणून संकेतस्थळावरील टीकेला विषयनिवडीवरील टीका समजणे ही दिशाभूल आहे.

नोंदीचा प्रश्न :

या ठिकाणी अकरावीच्या प्रवेशाशी तुलना उद्बोधक ठरते. २०२५-२६ मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाईन प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाले. २१ मे २०२५ रोजी संकेतस्थळच बंद पडले व नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. पहिला पसंतिक्रम मिळूनही प्रवेश न घेणाऱ्याला पुढील नियमित फेऱ्यांतून वगळण्याचा नियम कठोर होता, आणि ज्या गावात एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे तेथे दहा पसंतिक्रमांची मुभा ही थट्टा वाटत होती. इतके असूनही त्या पद्धतीत एक गोष्ट होती. विद्यार्थ्याने काय मागितले आणि त्याला काय मिळाले, या दोन्हींची नोंद झाली. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पहिला पसंतिक्रम किती जणांना मिळाला, हे शासनाला सांगावे लागले.

पदवीच्या प्रथम वर्षात अशी नोंद कोठेच नाही. भूगोल मागणाऱ्या विद्यार्थिनीला समाजशास्त्र मिळाले, तर तिच्या अर्जावर, श्रेयांक खात्यावर आणि शेवटी पदवीच्या गुणपत्रकावर ‘निवडलेला विषय : समाजशास्त्र’ एवढेच राहते. मागणीचा माग उरत नाही. विद्यापीठाकडे जाणारी आकडेवारी असे सांगते की रेणापूर परिसरात समाजशास्त्राला मागणी आहे आणि भूगोलाला नाही, आणि त्या आकडेवारीवर पुढील पाच वर्षांचा बृहत् आराखडा बेतला जातो. सक्तीचे रूपांतर आवडीत करणारे हे यंत्र कोणाच्या दुष्ट हेतूने चालत नाही, अर्जातील एका रकान्याच्या अभावाने चालते.

बाहेर पडण्याच्या पर्यायाबाबत हेच अधिक गंभीरपणे घडते. एका वर्षाचे श्रेयांक आणि जोडीला चार श्रेयांकांचे कौशल्य वा कार्यानुभव पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. लग्न ठरल्यामुळे, ऊसतोडीच्या हंगामामुळे वा शुल्काअभावी जो विद्यार्थी पूर्वी ‘गळती’ म्हणून मोजला जात असे, तो आता ‘निर्गमनाचा पर्याय निवडलेला’ म्हणून मोजला जाऊ शकेल. गळती हा शब्द कडवट होता, पण त्यात निदान कोणाची तरी जबाबदारी सूचित होती.

काही शक्यता :

जुन्या पद्धतीकडे परत जावे, अशी मागणी अध्यापकांच्या मेळाव्यांतून ऐकू येते. ती मान्य होण्याजोगी नाही आणि हितावहही नाही, कारण जुन्या पद्धतीत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला साहित्य आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला विज्ञान यांची दारे पूर्ण बंद होती. नवी चौकट किमान दार काढून दाखविते. धोरणातच सुचविलेल्या समूह महाविद्यालयांचा मार्ग रेणापूर-लातूर पट्ट्यात शक्य आहे, पण तेथे विद्यार्थ्याने वीस किलोमीटर जाण्याऐवजी अध्यापकाने यावे, अशी रचना हवी. एका अध्यापकाचा आठवड्यातून एक दिवसाचा प्रवास चाळीस विद्यार्थ्यांच्या प्रवासापेक्षा स्वस्त पडतो. शासनाने त्याचे तास दोन्ही महाविद्यालयांच्या कार्यभारात धरले पाहिजेत, अन्यथा हा करार कागदावरच राहील. ‘स्वयम्’च्या माध्यमातून सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे, परंतु प्रथम वर्षाच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याख्यानांच्या स्वाधीन करणे म्हणजे उस्मानियाच्या काळातील भाषेचा प्रश्न नव्या पडद्यावर आणणे होय. मराठी अभ्यासक्रमांची पुरेशी संख्या व महाविद्यालयात त्यासाठी एक मार्गदर्शक अध्यापक असल्याशिवाय हा पर्याय गंभीरपणे मांडू नये.

यापेक्षा पुष्कळ सोपी, आणि म्हणूनच बहुधा टाळली जाणारी, गोष्ट महाविद्यालयाच्या हाती आहे. माहितीपत्रकात मान्यताप्राप्त विषयांची यादी छापण्याऐवजी त्या वर्षी प्रत्यक्ष शिकविल्या जाणाऱ्या विषयांची यादी, अध्यापक नेमलेला आहे की नेमावयाचा आहे या उल्लेखासह आणि तासाच्या वेळेसह, प्रवेशापूर्वी लावता येते. पहिल्या तीन आठवड्यांत विषय बदलण्याची मुभा देता येते. आणि अर्जावर ‘मागितलेला विषय’ व ‘दिलेला विषय’ असे दोन रकाने ठेवता येतात. दुसऱ्या रकान्यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, निधीची तर नाहीच. तो भरल्याने एखाद्या विभागाचे तास धोक्यात येतील, ही भीती निराधार नाही, आणि विद्या परिषदेत हा विषय मांडणाऱ्याला तिला उत्तर द्यावे लागेल. पण २०२४-२५ च्या पहिल्या तुकडीपासून हा रकाना असता, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांत किती विद्यार्थ्यांनी भूगोल मागितला होता, हे आज बृहत् आराखडा तयार करणाऱ्यांच्या टेबलावर असते.